सॉफ्टवेअर चाचणीच्या पद्धती आणि दोषशोधनक्षमता : एका तुलनेची चिकित्सा

सारांश

सॉफ्टवेअरमधील दोष शोधण्यासाठी चाचणीच्या अनेक पद्धती प्रचलित आहेत. त्यांपैकी कोणती पद्धत अधिक दोष शोधते, या प्रश्नाचे प्रयोगाधारित उत्तर देण्याचा महत्त्वाचा प्रयत्न व्हिक्टर बॅसिली व रिचर्ड सेल्बी यांनी केला. त्यांचा शोधनिबंध १९८७ साली प्रसिद्ध झाला. प्रस्तुत लेखात या प्रयोगाची मांडणी, त्याचे निष्कर्ष आणि त्या निष्कर्षांच्या मर्यादा यांची चिकित्सा केली असून, नंतरच्या काही प्रयोगांच्या प्रकाशात त्यांचे मूल्यमापन केले आहे. महाविद्यालयीन अध्यापनाच्या दृष्टीने त्यातून काय निष्पन्न होते, याचाही विचार शेवटी केला आहे.

प्रस्तावना

सॉफ्टवेअर अभियांत्रिकी हा विषय शिकविणाऱ्या प्राध्यापकाला एक प्रश्न दरवर्षी हमखास भेटतो. चाचणीच्या प्रकरणातील ब्लॅक बॉक्स व व्हाइट बॉक्स या पद्धतींमधील फरकाचा तक्ता फळ्यावर लिहून होतो, विद्यार्थी तो वहीत उतरवून घेतात आणि शेवटच्या बाकावरून कोणीतरी विचारतो, 'मग यांतली चांगली पद्धत कोणती?' पाठ्यपुस्तकातील उत्तर तयार असते : दोन्ही पद्धती परस्परपूरक आहेत. हे उत्तर चुकीचे नाही. परंतु ते कोणत्या पुराव्यावर उभे आहे, हे पाठ्यपुस्तक बहुधा सांगत नाही आणि आपणही सांगत नाही. परिणामी जे विधान प्रयोगांती सिद्ध व्हावयास हवे, ते वर्गात सुभाषितासारखे उच्चारले जाते.

या विधानामागे पुरावा आहे. तो सरळ नाही, त्यात विसंगती आहेत आणि त्या विसंगतींमध्येच शिकण्यासारखे बरेच आहे. म्हणून सदर विषयावरील सर्वाधिक चर्चिल्या गेलेल्या एका प्रयोगाचे बारकाईने वाचन करणे उपयुक्त ठरेल.

पूर्वपीठिका

चाचणीच्या पद्धतींची तुलना करण्याचे प्रयत्न १९७०च्या दशकात सुरू झाले. विल्यम हेट्झेल यांनी १९७६ साली नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात सादर केलेल्या प्रबंधात कोड वाचून दोष शोधणे हे प्रोग्राम चालवून पाहण्यापेक्षा कमी प्रभावी असल्याचे आढळले. ग्लेनफर्ड मायर्स यांनी १९७८ साली ५९ व्यावसायिकांकडून एका छोट्या पीएल/वन प्रोग्रामची तपासणी करविली. त्यात १५ ज्ञात दोष होते. पद्धतींमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. माणसामाणसांत मात्र मोठा फरक आढळला आणि सरासरीने निम्म्याहूनही कमी दोष सापडले. याच सुमारास, १९७६ साली, आयबीएममधील मायकेल फॅगन यांनी संघाने मिळून करावयाच्या कोड तपासणीची शिस्तबद्ध पद्धत मांडली व तिचे चांगले परिणाम नोंदविले. म्हणजे वाचन की चाचणी, या वादात दोन्ही बाजूंना आधार सापडेल अशी स्थिती होती. बॅसिली व सेल्बी यांचा प्रयोग या पार्श्वभूमीवर पाहिला पाहिजे.

प्रयोगाची मांडणी

या प्रयोगात एकूण ७४ जणांनी भाग घेतला. त्यांपैकी ४२ प्रगत अभ्यासक्रमाचे विद्यार्थी होते आणि ३२ व्यावसायिक प्रोग्रामर होते. तीन पद्धतींची तुलना करण्यात आली. पहिली पद्धत कोड वाचनाची. यात वाचक प्रोग्रामच्या लहान तुकड्यांचा अर्थ लावत जातो, त्या अर्थांची जुळणी करून संपूर्ण प्रोग्राम काय करतो हे स्वतःच्या शब्दांत मांडतो आणि मगच ते विनिर्देशाशी ताडून पाहतो. दुसरी पद्धत कार्याधारित चाचणीची, म्हणजे ज्याला आपण ब्लॅक बॉक्स म्हणतो ती. यात परीक्षकाला केवळ विनिर्देश दिला जातो. आदानाचे समतुल्य वर्ग पाडून आणि त्यांच्या सीमारेषेवरील मूल्ये घेऊन तो चाचण्या रचतो. तिसरी पद्धत रचनाधारित, म्हणजे व्हाइट बॉक्स. यात परीक्षकासमोर कोड असतो आणि त्यातील प्रत्येक विधान किमान एकदा चालविले जाईल, असा चाचणीसंच त्याने तयार करावयाचा असतो. त्यानंतर त्याला विनिर्देश दिला जातो आणि मिळालेले प्रदान बरोबर आहे किंवा नाही, हे तो ठरवितो.

चार प्रोग्राम निवडण्यात आले होते : मजकुराची मांडणी करणारा, आलेख काढणारा, संख्यांच्या यादीवर क्रिया करणारा आणि माहितीसंचाची निगा राखणारा. त्यांची लांबी १४५ ते ३६५ ओळींची होती आणि चारही मिळून ३४ दोष होते. प्रत्येक व्यक्तीने तिन्ही पद्धती वापरल्या, मात्र प्रत्येक पद्धत वेगळ्या प्रोग्रामवर. ही या प्रयोगाची मोठी जमेची बाजू होय. एखादा माणूस मुळातच हुशार असेल तर त्याच्या हुशारीचा लाभ एकाच पद्धतीच्या खात्यावर जमा होऊ नये, याची काळजी या मांडणीने घेतली. मायर्स यांच्या प्रयोगात दिसलेला व्यक्तिगत फरक लक्षात घेता ही काळजी किती आवश्यक होती, हे सहज ध्यानात येते.

निष्कर्ष आणि त्यांचे वाचन

व्यावसायिकांच्या गटात कोड वाचनाने इतर दोन्ही पद्धतींपेक्षा अधिक दोष सापडले, आणि दर तासाला सापडणाऱ्या दोषांचे प्रमाणही वाचनातच अधिक होते. कार्याधारित चाचणीने रचनाधारित चाचणीपेक्षा अधिक दोष शोधले, परंतु या दोहोंच्या वेगात फरक नव्हता. विद्यार्थ्यांचे चित्र निराळे होते. त्यांच्या एका गटात वाचन व कार्याधारित चाचणी बरोबरीने आणि रचनाधारित चाचणीच्या पुढे होत्या. दुसऱ्या गटात तिन्ही पद्धतींमध्ये फरकच दिसला नाही. दोषांच्या प्रकारानुसार पाहता, प्रोग्रामच्या भागांमधील देवाणघेवाणीतील दोष वाचनाने अधिक पकडले, तर नियंत्रणप्रवाहातील दोष कार्याधारित चाचणीने अधिक पकडले.

आणखी एक निष्कर्ष आहे, ज्याकडे तुलनेने दुर्लक्ष होते. एकूण दोषांपैकी आपल्याला किती टक्के सापडले असावेत, असा अंदाज सहभागी व्यक्तींना विचारण्यात आला होता. वाचकांचे अंदाज वास्तवाच्या सर्वांत जवळ होते. कार्याधारित परीक्षकांचे सर्वांत दूर. माझ्या मते संपूर्ण शोधनिबंधातील हा सर्वांत मोलाचा निष्कर्ष आहे. दोष राहून जाणे ही प्रत्येक पद्धतीची नियती आहे. राहून गेले आहेत याची जाणीव असणे किंवा नसणे, हा मात्र पद्धतीपद्धतींमधला खरा भेद ठरू शकतो. ज्याला आपल्या अज्ञानाचा अंदाज आहे तो आणखी एकदा तपासतो; ज्याला नाही तो प्रोग्राम ग्राहकाच्या हाती सोपवितो.

'वाचन श्रेष्ठ' असा या प्रयोगाचा सारांश अनेकदा सांगितला जातो. तो सारांश अपुरा आहे. ते विधान व्यावसायिकांपुरते, या चार प्रोग्रामांपुरते आणि या ३४ दोषांपुरते खरे आहे. यातील शेवटची अट सर्वांत महत्त्वाची असून, ती स्पष्ट करण्यासाठी प्राध्यापकवर्गाला परिचित असे एक उदाहरण घेऊ.

निकालपत्रकाचे उदाहरण

असे समजू की, निकालपत्रक तयार करणारा एक प्रोग्राम आहे. लेखी परीक्षेला ८० व अंतर्गत मूल्यमापनाला २० गुण आहेत. लेखीत किमान ३२ व अंतर्गतमध्ये किमान ८ गुण मिळविणारा उत्तीर्ण. लेखीस न बसलेल्या विद्यार्थ्यापुढे 'अनुत्तीर्ण' न लिहिता 'गैरहजर' असा शेरा द्यावयाचा आहे. शेवटी उत्तीर्णांची संख्या व वर्गाची सरासरी छापावयाची आहे. या प्रोग्राममध्ये चार दोष आहेत.

पहिला दोष : '३२ किंवा अधिक' या अटीऐवजी '३२ पेक्षा अधिक' अशी अट लिहिली गेली आहे. लेखीत ६० व २० गुण असलेले दोन विद्यार्थी घेतले, तर अटीशी संबंधित सर्व विधाने चालतात, दोन्ही निकाल बरोबर येतात आणि रचनाधारित परीक्षक समाधानाने पुढे जातो. ३१, ३२, ३३ ही सीमामूल्ये घेणारा कार्याधारित परीक्षक मात्र हा दोष ताबडतोब पकडतो.

दुसरा दोष : गैरहजरीचा नियम कोडमध्ये लिहावयाचाच राहून गेला आहे. जी ओळ लिहिलीच नाही ती चालवून पाहण्याचे बंधन कोणती रचनाधारित पद्धत घालणार? असलेल्या ओळी शंभर टक्के चालल्या, तरी नसलेली ओळ नसलेलीच राहते. विनिर्देशावरून चाचण्या रचणाऱ्याला मात्र 'गैरहजर' हा आदानाचा स्वतंत्र वर्ग दिसतो.

तिसरा दोष : दर ४० नावांनंतर नवीन पान सुरू होते आणि तेथे प्रोग्रामरने पानावरील ओळींच्या मोजणीबरोबर उत्तीर्णांची मोजणीही शून्यावर आणली आहे. ४० हा आकडा विनिर्देशात नाही. दहा-बारा नावांची यादी घेऊन बसलेल्या कार्याधारित परीक्षकाला या दोषाचा पत्ता लागण्याचे कारण नाही. रचनाधारित परीक्षकाला मात्र नवीन पानाची विधाने चालवावीच लागतात. त्यासाठी त्याला ४० हून अधिक नावे द्यावी लागतात.

चौथा दोष : सरासरीसाठी लागणारी बेरीज साठविणाऱ्या चलाला प्रारंभी शून्य ही किंमत दिलेली नाही. चाचणी घेतली त्या संगणकावर स्मृतीच्या त्या जागेत योगायोगाने शून्यच होते. अशा स्थितीत कितीही चाचण्या घेतल्या तरी उत्तर बरोबर येते. कोड वाचणाऱ्याला हा दोष एका दृष्टिक्षेपात दिसू शकतो.

आता या पद्धतींची क्रमवारी लावली तर काय होईल? या चार दोषांवर कार्याधारित पद्धत रचनाधारित पद्धतीच्या पुढे जाईल. परंतु प्रोग्राममध्ये तिसऱ्या प्रकारचे दोष अधिक असते, तर रचनाधारित पद्धत पहिली आली असती. चौथ्या प्रकारचे अधिक असते, तर वाचन. म्हणजेच 'अमुक पद्धतीने इतके टक्के दोष शोधले' हा आकडा केवळ पद्धतीचा गुणधर्म नसून, पद्धत आणि दोषांचे मिश्रण या दोहोंचा संयुक्त गुणधर्म आहे. मिश्रण बदलले की क्रमवारी बदलते. हेट्झेल यांना वाचन मागे पडलेले दिसले आणि बॅसिली-सेल्बी यांना पुढे गेलेले दिसले, यातील विसंगतीचा काही भाग तरी अशा रीतीने समजावून घेता येईल.

मर्यादांची चर्चा

बॅसिली व सेल्बी यांच्या प्रयोगात काही दोष प्रोग्राम लिहिताना खरोखर झालेले होते, तर काही प्रातिनिधिक म्हणून पेरलेले होते. पेरलेला दोष कितपत प्रातिनिधिक, हा प्रश्न तेव्हापासून या संपूर्ण क्षेत्राचा पाठलाग करीत आहे. सीमेन्स या कंपनीतील संशोधकांनी १९९४ साली सात छोट्या प्रोग्रामांच्या १३० सदोष आवृत्त्यांवर रचनाधारित निकषांची तुलना केली. तेथेही फार सहज सापडणारे आणि जवळजवळ न सापडणारे दोष आधीच वगळण्यात आले होते. प्रयोगाच्या सोयीसाठी हे समजण्यासारखे आहे. तथापि परीक्षेतून अतिसोपे व अतिकठीण प्रश्न काढून टाकल्यानंतर मिळालेल्या गुणांचा अर्थ मर्यादितच राहतो.

दुसरी मर्यादा रचनाधारित पद्धतीच्या निवडीची आहे. प्रत्येक विधान एकदा चालविणे, हा या कुळातील सर्वांत दुबळ्या निकषांपैकी एक निकष आहे. प्रत्येक निर्णयाच्या दोन्ही शाखा चालविणे किंवा चलाला किंमत कोठे दिली व ती कोठे वापरली याचा माग घेणे, हे त्याहून कडक निकष होत. म्हणून 'रचनाधारित चाचणी मागे पडली' याऐवजी 'विधानव्याप्ती मागे पडली' असे म्हणणे अधिक काटेकोर ठरेल. अर्थात, कडक निकषाने सर्व प्रश्न सुटतात असेही नाही. आपल्या उदाहरणातील पहिला दोष दोन्ही शाखा चालवूनही निसटतो. तो पकडण्यास उत्परिवर्तन चाचणी उपयोगी पडते. रिचर्ड डिमिलो, रिचर्ड लिप्टन व फ्रेडरिक सेवर्ड यांनी १९७८ साली मांडलेल्या या पद्धतीत प्रोग्राममध्ये मुद्दाम छोटे बदल केले जातात आणि चाचणीसंच ते बदल ओळखू शकतो का, हे पाहिले जाते. 'किंवा अधिक' आणि 'पेक्षा अधिक' यांतील भेद ओळखावयाचा तर ३२ हे मूल्य घ्यावेच लागते.

तिसरा मुद्दा निरीक्षणाचा. चाचणीमुळे चूक प्रदानात दिसणे आणि परीक्षकाच्या ती लक्षात येणे, या दोन वेगळ्या घटना आहेत. बॅसिली व सेल्बी यांनी हा भेद केला, आणि प्रदानात उघड असलेल्या काही चुका परीक्षकांच्या नजरेतून सुटल्याचे नोंदविले. निकालपत्रकाच्या तिसऱ्या दोषात ४५ नावे दिली, तळाशी उत्तीर्णांची संख्या चार छापली गेली आणि परीक्षकाने फक्त 'प्रोग्राम चालला' एवढेच पाहिले, तर चाचणी यशस्वी होऊनही परीक्षक अयशस्वी ठरतो. चाचणीची निवड करण्याची पद्धत आपण शिकवितो. अपेक्षित उत्तर आधी लिहून ठेवण्याची शिस्त मात्र क्वचितच शिकवितो.

प्रोग्रामची लहान लांबी हीदेखील मर्यादाच आहे. ३६५ ओळी एका बैठकीत वाचता येतात, काही लाख ओळी नाही. मोठ्या प्रणालीत वाचनाचे माप आपोआप वाढत नाही, याचे भान 'वाचन श्रेष्ठ' म्हणणाऱ्याने ठेवले पाहिजे.

पुढील प्रयोगांचा कौल

या प्रयोगाची पुनरावृत्ती झाली, ही त्याच्या मांडणीला मिळालेली खरी पावती होय. जर्मनीतील कैझर्सलाउटर्न विद्यापीठात एरिक कामस्टीज व क्रिस्टोफर लॉट यांनी १९९५ साली सी भाषेतील प्रोग्राम घेऊन तो पुन्हा केला. पद्धतींच्या परिणामकारकतेत लक्षणीय फरक आढळला नाही. स्कॉटलंडमधील स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठाच्या मरे वुड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या पुनरावृत्तीत असे दिसले की, परिणामकारकता प्रोग्राम व दोषांच्या स्वरूपावर अवलंबून असते. आणि वेगवेगळ्या पद्धती वापरणाऱ्यांचे निकाल एकत्र केले असता सापडलेल्या दोषांची संख्या स्पष्टपणे वाढते. पाठ्यपुस्तकातील 'परस्परपूरक' या शब्दाला आधार मिळतो तो येथे.

अलीकडच्या काळात तुलना माणसांकडून मोठ्या चाचणीसंचांकडे सरकली आहे. लॉरा इनोझेमत्सेव्हा व रीड होम्स यांनी २०१४ साली पाच मोठ्या जावा प्रणालींसाठी ३१,००० चाचणीसंच तयार करून तपासले. संचातील चाचण्यांची संख्या स्थिर ठेवली असता व्याप्तीची टक्केवारी आणि दोषशोधनक्षमता यांच्यातील संबंध कमी ते मध्यम इतकाच आढळला. त्यांनीही दोष म्हणून कृत्रिम उत्परिवर्तनेच वापरली होती. ती खऱ्या दोषांच्या जागी चालतील का, याचा शोध त्याच वर्षी रेने जस्ट व सहकाऱ्यांनी ३५७ खऱ्या दोषांवर घेतला. सुमारे ७३ टक्के खऱ्या दोषांचा प्रचलित उत्परिवर्तनांशी संबंध जोडता आला. हे प्रमाण आश्वासक आहे. पण उरलेल्या चतुर्थांशाहून अधिक दोषांविषयी उत्परिवर्तने फारसे काही सांगत नाहीत, हेही त्याच आकड्यात दडलेले आहे.

अध्यापनाच्या दृष्टीने

या चर्चेचा आपल्या वर्गाशी काय संबंध, असा प्रश्न उपस्थित होऊ शकतो. आपल्याकडील प्रात्यक्षिकात विद्यार्थी प्रोग्राम लिहितो, दोन सोयीस्कर संख्या देऊन चालवितो, उत्तर बरोबर आले की जर्नलमध्ये उतरवितो आणि आपण त्यावर सही करतो. या संपूर्ण प्रक्रियेत दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचण्याचा प्रसंग येत नाही. वरील कोणत्याही प्रयोगाच्या कसोटीवर ही चाचणी टिकणार नाही. तरीही आपण तिला आपल्या सहीची मान्यता देतो आणि 'चालला म्हणजे बरोबर' हा समज घेऊन विद्यार्थी पुण्या-मुंबईच्या सॉफ्टवेअर उद्योगात दाखल होतो. आज यंत्राने लिहून दिलेला कोड विद्यार्थ्याच्या हाती सहज येत असताना हा समज अधिकच घातक आहे. कारण तो कोड दुसऱ्याचाच असतो आणि वाचल्यावाचून त्याची जबाबदारी घेता येत नाही.

म्हणून कोड वाचन प्रात्यक्षिकात यावे, असे मला वाटते. येथे एका आक्षेपाला प्रामाणिकपणे सामोरे जाणे आवश्यक आहे. वाचनाची सरशी व्यावसायिकांच्या गटात दिसली. विद्यार्थ्यांच्या गटांत ती दिसली नाही. मग विद्यार्थ्यांना वाचन शिकविण्याचा आग्रह कोणत्या आधारावर धरावा? केवळ 'वाचन श्रेष्ठ' या आधारावर तो धरता येणार नाही, हे मान्य केले पाहिजे. माझा आधार वेगळा आहे. एक म्हणजे, वाचन जे दोष पकडते त्यांतील काही दोष इतर पद्धतींच्या आवाक्याबाहेरचे असतात. दुसरे म्हणजे, आपण किती जाणतो याचा सर्वांत खरा अंदाज वाचकालाच आला होता. व्यावसायिकांची सरशी सरावातून आली असेल, तर तो सराव कोठेतरी सुरू व्हावयास हवा, आणि महाविद्यालयाहून योग्य स्थळ सुचत नाही.

प्रत्यक्षात फार खर्चाची गरज नाही. शंभर-दीडशे ओळींचा, दोषांची यादी शिक्षकाजवळ असलेला एक प्रोग्राम घ्यावा. वर्गाचे तीन गट करून प्रत्येकाला एक पद्धत द्यावी. निकाल जाहीर करण्यापूर्वी प्रत्येकाकडून, किती टक्के दोष सापडले असे वाटते, हा अंदाज लिहून घ्यावा. शेवटी तिन्ही गटांच्या याद्या फळ्यावर शेजारी शेजारी मांडाव्यात. ब्लॅक बॉक्स आणि व्हाइट बॉक्स यांच्यातील फरकाचा तक्ता त्यानंतर लिहावा लागणार नाही.

समारोप

बॅसिली व सेल्बी यांच्या प्रयोगाने 'चांगली पद्धत कोणती' या प्रश्नाचे अंतिम उत्तर दिले नाही. त्यांच्या व त्यानंतरच्या प्रयोगांनी तो प्रश्नच दुरुस्त केला. कोणत्या प्रकारच्या दोषासाठी, कोणत्या प्रोग्राममध्ये, कोणाच्या हातात कोणती पद्धत अधिक उपयोगी, असा तो आता विचारावा लागतो. चाचणीने दोषांचे अस्तित्व दाखविता येते, त्यांचा अभाव सिद्ध करता येत नाही, हे डाइक्स्ट्रा यांचे मत आपण सर्वजण शिकवितो. त्याला एवढीच जोड द्यावीशी वाटते की, न सापडलेल्या दोषांविषयी आपण किती निश्चिंत आहोत, हेही मोजता येते, आणि ते मोजले गेले आहे. शेवटच्या बाकावरून पुढील वर्षी तोच प्रश्न आला, तर त्या विद्यार्थ्याच्या हाती तक्त्याऐवजी एक सदोष प्रोग्राम ठेवणे अधिक न्याय्य होईल.